दोनशें वर्षांचें सागवान

वाचकांपैकीं कित्येकांस स्मरत असेल कीं, दोन वर्षांपूर्वीं याच सदरांत मीं आमच्या नायगांवच्या वाड्याचें रडगाणें गाइलें होतें. माळवद गळतें, मागच्या सोप्याच्या तुळईस वाळवी लागली आहे, ढाळजेचे दोन खांब पायाशीं कुजले आहेत, आणि आम्हां तिघां भावांपैकीं वाड्यांत राहणारा कोणीच उरला नाहीं. आहे ती एकटी आमची काकू. वाडा पाडावा, जुनें सागवान विकावें आणि त्या जागेवर सिमेंटची इमारत उठवावी, असा विचार ठरत आला आहे, असें मीं लिहिलें होतें. त्यावर आपणांकडून पुष्कळ पत्रें आलीं. कोणी लिहिलें, 'पूर्वजांची वास्तु विकूं नका.' कोणी लिहिलें, 'भावनेच्या भरीं पडून गळकें घर सांभाळीत बसणें हा शहाणपणा नव्हे.' गंमत अशी कीं, दोन्ही प्रकारचीं पत्रें मला पटत होतीं, आणि म्हणूनच मीं कोणासहि उत्तर धाडलें नाहीं. तें उत्तर आज देतों. मात्र तें मला नायगांवांत सांपडलें नाहीं. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर एका जुन्या नौकेच्या पोटांत सांपडलें. तेव्हां आधीं त्या नौकेकडे जाणें प्राप्त आहे.

गेल्या वर्षीं वैशाखांत आम्ही उभयतां लेकीकडे न्यूकॅसलला गेलों होतों. निघण्यापूर्वीं एका लांकूडवाल्याकडून इसाराचे पैसे घेऊन झाले होते. परत आल्यावर सौदा पुरा करावयाचा, असें ठरलें होतें. मनावरचें एक ओझें उतरलें अशी मी स्वतःची समजूत घालून विमानांत बसलों. आमच्या घराण्याला समुद्राचें वावडेंच होतें म्हणा ना! नायगांवास पाणी म्हणजे गोदावरी आणि मांजरा. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत, आणि त्या राज्याला समुद्रकिनारा नव्हता. पणजोबांच्या पिढींत समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. असल्या घरांतलीं आम्ही माणसें लेकीच्या संसारापायीं समुद्रापलीकडे जाऊन पोंचलों, आणि तेथें एका शनिवारीं सकाळीं जांवई म्हणाले, "मामा, आज तुम्हांला एक मुंबईकर दाखवितों. वय दोनशेंच्या पुढें आहे, पण अजून पाण्यावर उभी आहे."

न्यूकॅसलहून हार्टलपूलला जाणारी आगगाडी संडरलंडवरून किनाऱ्याकिनाऱ्यानें जाते. डाव्या हातास समुद्र, उजव्या हातास हिरवीं शेतें, आणि आमच्या पुढ्यांत दशम्या व शेंगदाण्याची चटणी. आठ वर्षांचा नातू खिडकीस नाक लावून बसला होता. "अहो जांवईबापू, जहाज पाहायचं म्हणजे वर चढावं लागेल का? माझे गुडघे तुम्हांला ठाऊकच आहेत," असें आमच्या मंडळीनें विचारलें, तेव्हां जांवयांनीं 'चढायला थोडंच, पण वाकायला फार' असें उत्तर दिलें. त्याचा अर्थ पुढें कळला.

स्टेशनापासून थोडें चालत गेल्यावर एक जुनी गोदी लागते. तिच्या भोंवतीं जुन्या काळच्या बंदरासारखीं दुकानें व घरें मांडून ठेविलीं आहेत, आणि मधल्या पाण्यांत तीन उंच डोलकाठ्यांची काळीभोर नौका उभी आहे. अंगावर पांढरा पट्टा, त्या पट्ट्यांत तोफांचीं चौकोनी दारें, आणि डोलकाठ्यांपासून खालपर्यंत दोरखंडांचें जाळें. पुढच्या टोंकास एक लांकडी पुतळा बसविलेला आहे. डोक्यास पागोटें, ओठांवर मिशा. नातू ओरडला, "आजोबा, हा तर आपल्याकडचा!" मंडळी म्हणाली, "मिशा अगदीं तुमच्या थोरल्या चुलत्यांसारख्या." परक्या मुलखांत पागोटेंवाल्या माणसानें असें सामोरें यावें, याचें मला खरोखरच नवल वाटलें.

या नौकेचें नांव 'त्रिंकोमाली'. सिंहलद्वीपाच्या त्रिंकोमाली बंदराजवळ १७८२ सालीं इंग्रज व फ्रेंच आरमारांची लढाई झाली, तिच्या स्मरणार्थ हें नांव ठेविलेलें. नांव सिंहलद्वीपाचें, निशाण इंग्रजांचें, जन्म मात्र मुंबईच्या गोदींतला. नेपोलियनशीं चाललेल्या दीर्घ युद्धांत इंग्लंडला जहाजांसाठीं ओकचें लांकूड पुरेना, तेव्हां इंग्रजांची दृष्टि मलबारच्या सागाकडे वळली. ओकच्या लांकडांत एक प्रकारचें आम्ल असतें, त्यानें लोखंडी खिळे झिजतात. सागवानांत तेल असतें, तें खिळ्यांनाहि जपतें आणि किडीलाहि दूर ठेवतें. शिवाय मुंबईस वाडिया घराण्याचे पारशी जहाजबांधे होते. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले. 'त्रिंकोमाली' बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया हे त्यांचे नातू. नौकेची लांबी सुमारें १५० फूट, रुंदी सुमारें ४० फूट, आणि खर्च सुमारें २३,००० पौंड. तळाचा कणा बसवितांना पारशी रिवाजाप्रमाणें त्यांत चांदीचा खिळा ठोकला होता. हें वाचून मंडळी म्हणाली, "आपणही पायांत पंचरत्न ठेवतोंच कीं." आमच्या वाड्याच्या उंबऱ्याखालीं तसें कांहीं आहे असें काकू सांगते. लांकूडवाल्याच्या यादींत अर्थातच त्याचा उल्लेख नव्हता.

नौकेच्या नकाशांची कथा तर नातवानें मजकडून तीनदां वदवून घेतली. इंग्लंडहून मुंबईस नकाशे निघाले ते 'जावा' नांवाच्या जहाजावरून. २९ डिसेंबर १८१२ रोजीं ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांच्या 'कॉन्स्टिट्यूशन' नांवाच्या युद्धनौकेनें 'जावा'ला गांठून तिचा पाडाव केला. नकाशे गेले, पुन्हा नवे पाठवावे लागले. त्यामुळें नौकेचा कणा घालावयास १८१६ साल उजाडलें, आणि ती पुरी होईपर्यंत ज्या युद्धासाठीं ती मागविली होती तें युद्धच संपून गेलें. अधिक नवलाची गोष्ट अशी कीं, ते नकाशे हिरावणारी 'कॉन्स्टिट्यूशन'हि आज अमेरिकेंत बोस्टनच्या बंदरांत पाण्यावर उभी आहे. "म्हणजे दोघी जणी अजून जिवंत आहेत?" असें नातवानें विचारलें, आणि मीं 'हो' म्हणतांच त्याला फार समाधान झालें. मुलांना वैर संपलेलें आवडतें. मोठ्यांना तें तितकेंसें आवडत नाहीं.

परंतु माझें मन अडकलें तें नौका पाण्यांत लोटल्याच्या तारखेशीं. १२ ऑक्टोबर १८१७. मी जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला, त्यामुळें ही तारीख वाचतांच पुढची तारीख आपोआप आठवली. त्यानंतर बरोबर चोवीस दिवसांनीं, ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं, खडकीची लढाई झाली, आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. पुण्यांत बाजीराव आणि एल्फिन्स्टन एकमेकांचा अंदाज घेत होते त्याच दिवसांत, घाटाच्या खालीं आपल्याच देशचे सुतार आणि लोहार इंग्रजांसाठीं असली बळकट नौका बांधून हातावेगळी करीत होते. त्यांना दोष कोण देणार? त्यांनीं आपलें काम चोख केलें, इतकें चोख कीं तें अद्याप टिकून आहे. ज्यांच्या हातीं राज्य राखण्याचें काम होतें, त्यांच्याविषयीं असें म्हणतां येत नाहीं. जमशेटजींचें नांव पाटीवर वाचलें. पण ज्यांनीं फळीला फळी भिडविली त्या सुतारांपैकीं एकाचेंहि नांव मला कोठें दिसलें नाहीं.

मग आम्ही आंत उतरलों, आणि जांवयांच्या बोलण्याचा अर्थ कळला. वरच्या तक्तावर मोकळें आकाश. त्याखालच्या मजल्यावर दोहों बाजूंस तोफांच्या रांगा. आणि त्याखालीं खलाशांची राहण्याची जागा, जेथें माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसासहि मान वांकवूनच चालावें लागतें. तेथें खलाशांच्या झोळ्या टांगल्या आहेत. त्या काळीं आरमारांत दर माणशीं झोळीस रुंदी मिळे ती १४ इंच. मंडळीनें हातानें माप घेऊन पाहिलें आणि म्हणाली, "आपल्या ढाळजेंत लग्नाच्या वेळीं पाहुणे झोपत ते यापेक्षां सुखांत झोपत." मागच्या अंगास कप्तानाची खोली, तेथें मात्र खिडक्या, टेबल, खुर्च्या आणि भरपूर उजेड. माणसांमाणसांतला भेद समुद्रावरहि सुटत नाहीं, हें पाहून मला कांहीं आश्चर्य वाटलें नाहीं.

त्या खालच्या मजल्यावर एका जाड फांसळीवर मीं हात ठेविला. गुळगुळीत, गार आणि काळसर. हा स्पर्श ओळखीचा होता. लहानपणीं तापानें फणफणलों कीं माजघरांतल्या खांबाला गाल लावून मी उभा राहत असें; तें सागवान असेंच गार लागे. मनांत आलें, याच जातीच्या लांकडाचा मी घनफुटांवर भाव ठरवून आलों आहें.

तेवढ्यांत संग्रहालयाचे एक वृद्ध स्वयंसेवक जवळ आले. आम्ही हिंदुस्थानांतले हें ओळखून त्यांना फार आनंद झाला. त्यांनीं हातांतल्या विजेरीचा झोत फांसळीवर टाकून एक तिरपी रेघ दाखविली. रेघेच्या वर मुंबईचें जुनें सागवान, खालीं नवें लांकूड. दोन्ही टोंकें लांबट उतारावर तासून एकमेकांत बसविलेलीं. बोट फिरविलें तरी सांधा जेमतेम लागत होता. कुजलेला भाग तेवढाच कापावयाचा, शाबूत भागास हात लावावयाचा नाहीं, हा नियम पाळून १९९० पासून २००१ पर्यंत हें काम चाललें, असें त्यांनीं सांगितलें. नौकेचें निम्म्याहून अधिक लांकूड आजहि मूळचेंच आहे. इंग्लंडच्या ज्या जुन्या युद्धनौका पाण्यावर तरंगत आहेत त्यांत ही सर्वांत वडील.

मंडळीला इंग्रजी बोलण्याचा सराव नाहीं, पण प्रश्न विचारण्याचा सराव दांडगा आहे. तिनें लेकीकरवीं विचारलें, "इतकीं वर्षं हिला सांभाळलं कोणी?"

म्हातारा हंसला. लेकीनें त्याचें उत्तर मराठींत सांगितलें तें असें : "सांभाळलं असं कोणीच नाहीं. सारखं कोणी ना कोणी वापरलं."

आणि मग त्यानें नौकेचें सगळें चरित्रच उलगडून सांगितलें. मुंबईहून निघालेली नौका १८१९ च्या जानेवारींत सेंट हेलेना बेटावर थांबली, जेथें नेपोलियन त्या वेळीं कैदेंत होता; आणि एप्रिलच्या अखेरीस इंग्लंडला पोंचली. तेथें युद्ध नाहीं म्हणून तिला जी बाजूस बांधून ठेविली ती पंचवीस वर्षांहून अधिक काळ. पुढें तिची डागडुजी झाली, तोफा कमी करून २६ वर आणल्या, आणि पाण्यांत लोटल्यानंतर तब्बल तीस वर्षांनीं, १८४७ सालीं, ती प्रथम खऱ्या कामावर निघाली : आधीं उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीज, नंतर १८५२ ते १८५७ प्रशांत महासागर. वाफेचीं जहाजें आल्यावर शिडाच्या नौकेचें लढाईंतलें काम संपलें. तेव्हां तिच्यावर राखीव नौसैनिकांस शिक्षण देऊं लागले. त्या निमित्तानें याच हार्टलपूलच्या बंदरांतहि तिचीं कांहीं वर्षें गेलीं. अखेर १८९७ सालीं तिला मोडींत काढून विकली.

"विकली?" मीं विचारलें. माझा आवाज मलाच थोडा चोरटा वाटला.

होय, जहाजें मोडणाऱ्यास विकली. पण त्याच वर्षीं जॉर्ज व्हीटली कॉब नांवाच्या गृहस्थाचें 'फूद्रोयां' हें जुनें जहाज वादळांत सांपडून फुटलें. हें जहाज एके काळीं नेल्सनच्या निशाणाखालीं होतें, आणि त्यावर मुलांस दर्यावर्दी शिक्षण द्यावें अशी कॉब यांची इच्छा होती. त्यांनीं मोडीच्या वाटेवरची 'त्रिंकोमाली' विकत घेतली, तिलाच 'फूद्रोयां' हें नांव दिलें आणि तिच्यावर मुलांची शाळा सुरू केली. ती शाळा १९८६ पर्यंत चालली. म्हणजे जी नौका लढाईसाठीं बांधली, तिचें सर्वांत मोठें आयुष्य मुलांना दोरीच्या गांठी आणि वल्हीं मारणें शिकविण्यांत गेलें. १९८७ सालीं ती हार्टलपूलला आली आणि १९९२ सालीं तिचें मूळ नांव तिला परत मिळालें. त्या गांवांतले जहाजांचे कारखाने तोंपर्यंत बंद पडले होते. पण 'वॉरियर' नांवाची दुसरी एक जुनी युद्धनौका तेथें नुकतीच दुरुस्त झाली होती, त्यामुळें हातांत कसब असलेलीं माणसें गांवांत होतीं. नौकेला माणसें मिळालीं आणि माणसांना काम मिळालें.

"आणि जिला काम मिळालं नाहीं?" मंडळीनें पुन्हा विचारलें.

त्यावर त्यानें 'इम्प्लॅकेबल'ची गोष्ट सांगितली. हें मूळचें फ्रेंचांचें, ट्रफाल्गारच्या लढाईंत लढलेलें आणि त्यानंतर लौकरच इंग्रजांनीं पकडलेलें जहाज. पोर्ट्समथच्या बंदरांत तें पुष्कळ वर्षें आमच्या या नौकेच्या शेजारींच बांधलेलें असे. दुसऱ्या महायुद्धानंतर देश कर्जबाजारी झाला. इतक्या मोठ्या जहाजाच्या दुरुस्तीस पैसा कोणापाशींच नव्हता. आदर मात्र सर्वांपाशीं होता. २ डिसेंबर १९४९ रोजीं त्या जहाजावर इंग्लंड व फ्रान्स या दोन्ही देशांचीं निशाणें चढविलीं आणि सन्मानानें तें समुद्रांत बुडविलें. सन्मानाला कांहीं उणें पडलें नाहीं; जहाज तेवढें उरलें नाहीं.

परत येतांना गाडींत नातू झोंपीं गेला. समुद्रावर संध्याकाळचा प्रकाश होता. मला राहून राहून १७५६ साल आठवत होतें. कान्होजी आंग्र्यांनीं ज्या आरमाराच्या बळावर कोंकणकिनारा आपल्या धाकांत ठेविला, तें आरमार त्यांच्या मुलाच्या, तुळाजीच्या, काळांत विजयदुर्गाखालीं जळून खाक झालें. जाळलें इंग्रजांनीं, पण त्यांना मदतीस बोलाविलें होतें खुद्द पेशव्यांनीं. तुळाजी ऐकत नव्हता, मग्रूर होता, हें सर्व खरें असेल. तरी घरांतल्या भांडणाचा निकाल लावण्यासाठीं तिऱ्हाइतास बोलाविलें कीं तो आधीं घराचें लांकूड मोजतो, हा अनुभव त्या दिवशीं आला. त्या गुराबांपैकीं, त्या गलबतांपैकीं, एकहि आज कोठल्या धक्क्यास उभें नाहीं. माझ्या खिशांत लांकूडवाल्याची पावती होती. मंडळी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तुम्ही कांहीं बोलूं नका. तुम्हांला काय वाटतंय तें मला कळतंय. पण गांवीं गेल्यावर आधीं काकूंना विचारा. त्यांना अजून कोणीं विचारलंच नाहीं."

हें अक्षरशः खरें होतें. आम्हीं तिघां भावांनीं आपसांत चर्चा केली, हिशेब मांडले, वकिलाचा सल्ला घेतला. ज्या बाईनें त्या माळवदावर साठ पावसाळे काढले तिला आम्हीं फक्त 'तुझी सोय लावूं' असें सांगितलें होतें.

ज्येष्ठांत नायगांवास पोंचलों. मोठ्या उत्साहानें काकूस नौकेची सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटीं म्हणालों, "काकू, वाडा पाडायचा नाहीं. आहे तसा जपून ठेवूं."

मला वाटलें होतें कीं तिच्या डोळ्यांना पाणी येईल. ती तांदूळ निवडीत होती. तिनें सूप खालीं ठेविलें नाहीं. म्हणाली, "अरे, जपून ठेवायला मी आहे कीं एक इथं! माझी किल्ली कोणाच्या हातीं देणार तुम्ही? बंद घराला वाळवी दुप्पट लागते. तुझ्या त्या बोटींत पोरं शिकत होतीं म्हणालास ना? मग पोरं आण."

"कोठली पोरं?"

"गल्लींतल्या मुली परीक्षेचा अभ्यास करायला जागा शोधतात. घरांत चार माणसं, एक खोली, आणि टीव्ही चालूं. दोघीतिघी माझ्या ढाळजेंत येऊन बसतात, पण पाऊस आला कीं वह्या घेऊन पळतात. ढाळज तेवढी नीट करून द्या. मागचं पडूं दे. तें तसंही राहणार नाहीं."

वाचकहो, मी इंग्लंडपर्यंत जाऊन जें शिकून आलों, तें ती सूप हालवीत सांगत होती. फरक इतकाच कीं मला पुरा वाडा वांचवावयाचा होता, आणि तिला काय सोडून द्यावें हेंहि ठाऊक होतें.

यापुढची हकीकत सरळ नाहीं. सौदा मोडल्याबद्दल लांकूडवाल्यानें इसार परत घेतांना चार शब्द ऐकविले; ते ऐकून घेणें भाग होतें, कारण शब्द आम्हीं मोडला होता. थोरल्या बंधूंनीं लगेच संमति दिली. धाकट्यास मात्र तें पटलें नाहीं, आणि त्याचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें : पुण्यांत त्याच्या डोक्यावर घराचें कर्ज आहे आणि वाड्याच्या वांट्यावर त्याची भिस्त होती. अखेर असें ठरलें कीं तीन वर्षें थांबावें. मागचा सोपा उतरवून जें सागवान शाबूत निघेल त्यांतलें दुरुस्तीपुरतें ठेवून बाकीचें विकावें, आणि तें पैसे त्याला द्यावेत. थोरल्यांनीं आणि मीं त्यांतला वांटा घेतला नाहीं. तो रुसूनच 'बरं' म्हणाला. तरी 'बरं' म्हणाला.

खरी पंचाईत सुताराची. प्लायवुडचीं कपाटें करणारे पुष्कळ. खांबाचा कुजलेला पाय कापून त्यास दुसरा पाय जोडणारा मिळेना. शेवटीं जवळच्याच एका खेड्यांतले सत्तरीच्या घरांतले सुतार भेटले. मीं त्यांना नौकेंतल्या त्या सांध्याचें छायाचित्र दाखविलें. त्यांनीं तें दूर धरून, जवळ धरून पाहिलें आणि म्हणाले, "हा सांधा माझा बाप घालीत असे. यांत नवल काय?" मागच्या सोप्याची एक तुळई वाळवीनें अर्धी पोंखरली होती, उरलेल्या अर्ध्या भागांतून ढाळजेच्या दोन्ही खांबांचे पाय निघाले. घराचेंच लांकूड घराला लागलें. त्यांच्या हाताखालीं त्यांचा नातू होता. तो पहिले दोन दिवस मोबाइल पाहत होता. तिसऱ्या दिवशीं त्यानें पटाशी हातीं घेतली, इतकें मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलें. काम संपल्यावर मीं सुतारांना खांबावर साल आणि नांव कोरावयास सांगितलें. साल त्यांनीं कोरलें, नांवास लाजले. फार आग्रह केला तेव्हां भिंतीकडच्या अंगास, सहसा दिसणार नाहीं असें, बारीक अक्षरांत कोरलें. हार्टलपूलच्या पाटीवर जें दिसलें नव्हतें तें निदान नायगांवच्या ढाळजेंत आहे.

यंदा पावसाळ्यापूर्वीं माळवदावर पांढरी माती नवी घातली. ढाळजेंत दोन लांब बैठीं मेजें, दिवे आणि एक पंखा बसविला. संध्याकाळीं सहापासून नऊपर्यंत अकरा मुली तेथें अभ्यासास बसतात. काकू मधल्या दारांत माळ घेऊन बसते, आणि कोणी मोठ्यानें बोललें तर माळेवरचा हात थांबवून नुसती पाहते.

ज्यांनीं मला तीं पत्रें लिहिलीं त्यांना माझें उत्तर आतां ध्यानांत आलेंच असेल. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं असा एखादा वाडा, एखादें दुकान, आजोबांची ग्रंथांची पेटी, निदान एखादा माळ्यावरचा पाळणा असेल. त्याची किंमत काय येईल हें अवश्य विचारावें. गरज कोणास चुकलेली नाहीं. पण त्याआधीं, त्याला अजून काय काम देतां येईल, हें एकदां घरांत विचारावें. आणि तें घरांतल्या सर्वांत जुन्या माणसास विचारावें.

मृगाच्या पहिल्या पावसाच्या रात्रीं काकूनें फोन केला. मीं घाबरून विचारलें, "काकू, ढाळज गळली का?"

"ढाळजेंत थेंब नाहीं," ती म्हणाली. "मागच्या सोप्यांत मात्र तीन घागरी ठेवल्यात. तो लौकर उतरवा. आणि मुलींना अजून एक दिवा हवाय, तो येतांना घेऊन ये."